तुळस रात्री काय करते?

तुमच्या घरी तुळस आहे का? असणारच. पण मी विचारतेय ती हिवाळ्यातून जगून निघालेली तुळस. लंडनच्या पश्चिमेला राहायला येऊन मला एकोणीस वर्षं झाली आणि तेवढ्यात मी किमान बारा तुळशी मारल्या आहेत. मे महिन्यात साउथॉलच्या बाजारातून रोप आणायचं. जुलैपर्यंत ते गुडघ्याएवढं होतं, मंजिऱ्या येतात, येणारे-जाणारे कौतुक करतात. ऑक्टोबरात घड्याळं तासभर मागे गेली की पानं गळायला लागतात. तुळशीच्या लग्नापर्यंत काड्या उरतात. आमच्याकडे बहुतेक वर्षी काडीचंच लग्न लागतं.

खरं तर मला हे जमायला हवं. मी साताऱ्याला बॉटनी घेऊन बी.एस्सी. केलं, आणि आता इथल्या एका माध्यमिक शाळेत सायन्स टेक्निशियन आहे. म्हणजे शिकवायचं काम शिक्षकांचं. मी द्रावणं बनवते, काचसामान धुते आणि प्रयोगाचं सामान ट्रॉलीवर लावून वर्गात पोचवते. पान हवेशी देवाणघेवाण कशी करतं, हा प्रयोग माझ्या ट्रॉलीवर दर वर्षी येतो. तरीही तो विषय मला खऱ्या अर्थानं भिडला तो मागच्या हिवाळ्यात, आईमुळे. म्हणून तुम्हाला सांगतेय.

आई वाईजवळच्या आमच्या गावात असते, दादा-वहिनींबरोबर. वय बहात्तर. तिला सीओपीडी आहे. डॉक्टरांनी पहिल्या भेटीत विचारलं होतं, "घरात विडी कोण ओढतं?" कुणीच नाही. मग दुसरा प्रश्न आला, "स्वयंपाक कशावर केलात?" तेव्हा सगळा उलगडा झाला. चाळीस वर्षं चूल, गोवऱ्या, ओलं सरपण आणि तोंडाला फुंकणी. गॅस आला तेव्हा मी बारावीत होते. त्यानंतरही भाकरी आणि आंघोळीचं पाणी चुलीवरच. तो धूर आम्हा मुलांना घराचा वास वाटायचा.

दोन वर्षांपूर्वी तिला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लावायला सांगितलं. दिवसाचे किमान पंधरा तास, आणि रात्र त्यात आलीच पाहिजे, कारण झोपेत प्राणवायूची पातळी आणखी खाली जाते. दादानं मशीन आणलं, पैसे मी पाठवले. इथून आपण तेवढंच करतो, नाही का? पैसे पाठवतो आणि रोज फोनवर "जेवलीस का" विचारतो.

नोव्हेंबरात एका रात्री वहिनीचा फोन आला. ती हळू आवाजात बोलत होती. "आत्या रात्री मशीन बंद करतात. मी झोपले की उठून बटण दाबतात. आज पहाटे बोटाला ते लावून बघितलं तर ८१ आलं."

आणि खोलीत काय होतं? उशाशी तुळशीची कुंडी, खिडकीत स्नेक प्लांट. गावातल्या कुणीतरी पाठवलेला मेसेज आईनं वहिनीकडूनच वाचून घेतला होता: तुळस चोवीस तास प्राणवायू देते, उशाशी ठेवा, मशीनची गरज नाही. तुम्हालाही तो आला असेल. मला तर तीन ग्रुपवर आला होता, आणि मी तो दर वेळी हसून पुढे सरकवला होता. त्यावर कडी म्हणजे, तुळस खोलीत आल्यामुळे संध्याकाळचा दिवाही खोलीत आला होता. ऑक्सिजनच्या नळीपासून हातभर अंतरावर पेटती वात. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण त्याच्या सान्निध्यात कापूस, पदर, चादर काहीही भडकतं. हे ऐकून मी उठून बसले.

दुसऱ्या दिवशी आईला फोन करून मी काय केलं असेल? तुमच्यातल्या बहुतेकांनी केलं असतं तेच. झापलं. वर हिशोब मांडला.

हिशोब बरोबर होता. शांत पडलेल्या माणसाला मिनिटाला साधारण पाव लिटर प्राणवायू लागतो, म्हणजे तासाला पंधरा लिटर. चांगल्या उन्हात एक चौरस मीटर पानं तासाला एखादा लिटर प्राणवायू देतात. कुंडीतल्या तुळशीची सगळी पानं खुडून शेजारी शेजारी मांडली तरी पाव चौरस मीटर भरायची नाहीत. म्हणजे तासभर उन्हात राबून ती एका माणसाचा जेमतेम मिनिटभराचा श्वास जमवते. तेही उन्हात. खोलीतल्या उजेडात त्याहून कितीतरी कमी, आणि अंधारात शून्य. रात्री उलट तीच थोडा प्राणवायू वापरते, कारण झाडाचा श्वास दिवसरात्र चालू असतो. तो इतका थोडा की शेजारी झोपायला काहीच धोका नाही. खोलीत दुसरं माणूस झोपलं तर ते कितीतरी पट जास्त वापरतं. पण देण्याचं म्हणाल तर रात्री देणं बंद. स्नेक प्लांटचीही तीच गोष्ट. ते रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेऊन साठवून ठेवतं, एवढं खरं. पण प्राणवायू सुटतो तो पाण्याचा रेणू फुटल्यावर, आणि त्याला प्रकाशच लागतो.

हे सगळं मी एका दमात सांगितलं. आई म्हणाली, "बरं."

आमच्या आईचं "बरं" ज्यांनी ऐकलंय त्यांना कळेल. तिथं बोलणं संपतं. पुढचे चार दिवस ती मला सांगत राहिली की मशीन रात्रभर चालू होतं, आणि वहिनी सांगत राहिली की नव्हतं.

त्याच आठवड्यात शाळेत पर्णरंध्रांचा प्रयोग होता. तुम्ही कॉलेजात केला असेल. घरीही करता येतो. लॉरेलचं पान घ्यायचं, खालच्या बाजूला बिनरंगी नेलपॉलिशचा पातळ थर द्यायचा, वाळू द्यायचं. मग चिकटपट्टी लावून तो पापुद्रा अलगद सोलायचा आणि काचपट्टीवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. पानाच्या कातडीचा ठसा उमटलेला असतो, आणि त्यात जागोजागी मिटलेल्या ओठांसारख्या जोड्या दिसतात. त्या रक्षक पेशी. दोघींच्या मधली फट म्हणजे पर्णरंध्र. चौरस मिलिमीटरमध्ये अशी शंभर ते तीनशे तोंडं सहज सापडतात. तुळशीच्या पानावर हा ठसा नीट उमटत नाही, पान लवदार असतं. पण तोंडं तिलाही असतातच.

पानाची बाकी कातडी मेणचट असते, तिच्यातून हवा जवळजवळ जात नाही. जे काही आतबाहेर व्हायचं ते या फटींतून. रक्षक पेशींत पोटॅशियम शिरतं, त्यामागे पाणी शिरतं, पेशी फुगतात. त्यांची आतली भिंत जाड असते, म्हणून फुगल्यावर त्या केळ्यासारख्या वाकतात आणि मधली फट उघडते. पाणी निघून गेलं की त्या मऊ पडतात आणि फट मिटते. सकाळचा उजेड पडला की उघडायचं, अंधार झाला की मिटायचं, जमीन कोरडी पडली की भरदुपारीसुद्धा मिटायचं. ना मेंदू, ना स्नायू. सगळा कारभार पाण्याच्या दाबावर.

आणि यात एक पेच आहे. हवेत कार्बन डायऑक्साइड अगदी थोडा असतो, दहा हजार भागांत चार-सव्वाचार. तो मिळवायचा तर तोंड उघडंच ठेवायला हवं. पण पान आतून ओलं असतं, कारण वायू ओल्या पेशीभित्तीत विरघळल्याशिवाय आत जाऊ शकत नाही. तोंड उघडलं की ती ओल बाहेर पळते. कार्बन डायऑक्साइडच्या एका रेणूपायी आपल्या बहुतेक झाडांचे पाण्याचे शेकडो रेणू जातात. आमच्या घरापासून फार लांब नाही त्या टेडिंग्टनला स्टीफन हेल्स नावाच्या पाद्रीनं सूर्यफुलाची झाकलेली कुंडी रोज तराजूत घालून हे मोजलं होतं. १७२७ मध्ये छापलेल्या त्याच्या पुस्तकात आकडा आहे: दिवसाच्या बारा तासांत सरासरी सव्वा पौंड, म्हणजे अर्ध्या किलोहून जास्त पाणी, एका झाडाचं.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात माझ्या बारा तुळशींचा उजेड पडला. मी त्यांना स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवत होते, बरोबर रेडिएटरच्या डोक्यावर. डिसेंबरात इथला दिवस आठ तासांचाही नसतो, तोही ढगाळ. म्हणजे कमाई जवळजवळ बंद, आणि खालून गरम कोरडी हवा ओल ओढून घेतेय. तोंड उघडलं तर सुकायचं, मिटलं तर उपाशी राहायचं. वर मी मायेनं रोज पाणी घालून मुळं कुजवत होते.

फुप्फुसाचाही पेच तोच. तेही आतून ओलंच हवं, म्हणून तर आपल्या उच्छ्वासानं थंडीत काच धुरकटते. फुप्फुसातल्या वायुकोशांच्या पातळ ओल्या पडद्यातून प्राणवायू रक्तात उतरतो. आईच्या फुप्फुसातले ते पडदेच धुरानं खाऊन टाकलेत. तिच्या खोलीतल्या हवेत प्राणवायू कमी नाहीच. एकवीस टक्के, हजारो लिटर. कमी पडते ती तो उतरून घ्यायची जागा. खोलीत झाड आणलं काय आणि नेलं काय, त्यात फरक पडणार नाही. मशीनसुद्धा प्राणवायू तयार करत नाही. ते खोलीतलीच हवा ओढून तिच्यातला नायट्रोजन बाजूला काढतं आणि उरलेली दाट हवा नळीतून देतं, म्हणजे उरल्यासुरल्या जागेतूनही पुरेसं उतरेल. हे मी आईला सांगितलंच नव्हतं. मी तिला फक्त तुळशीची लायकी काढून दाखवली होती.

त्याच सुमाराला यान इंगेनहाउझची आठवण झाली. मूळचा डच डॉक्टर. १७६८ मध्ये व्हिएन्नाला जाऊन सम्राज्ञी मारिया तेरेसाच्या घरच्यांना देवीची टोचणी करणारा म्हणून नाव झालेला. त्याच्या आधी, १७७१ मध्ये, जोसेफ प्रीस्टलीनं लीड्सला दाखवलं होतं की मेणबत्ती विझवलेल्या कोंडलेल्या हवेत पुदिन्याची डहाळी ठेवली तर काही दिवसांनी त्या हवेत मेणबत्ती पुन्हा जळते. पुदिना आणि तुळस एकाच कुळातले, म्हणजे मावसबहिणीच. पण तो प्रयोग कधी जमे, कधी फसे, आणि का ते कळेना. इंगेनहाउझनं १७७९ च्या उन्हाळ्यात लंडनबाहेर एक घर भाड्यानं घेतलं आणि तीन महिन्यांत पाचशेहून जास्त प्रयोग केले. पानं पाण्यात बुडवून तो बुडबुडे बघत बसे. उन्हात बुडबुडे येत, सावलीत थांबत. कारण ऊब नव्हे, उजेड. आणि फक्त हिरव्या भागातून. रात्री तीच पानं हवा उलट थोडी बिघडवतात, हेही त्यानंच सांगितलं.

ते घर कुठे होतं माहीत आहे? साउथॉलला. आपण जिथे मेथीच्या जुड्या, कढीपत्ता आणि तुळशीची रोपं आणायला जातो, तिथे. झाड रात्री प्राणवायू देत नाही हे ज्या गावात सिद्ध झालं, तिथलीच तुळस माझ्या खिडकीत होती.

त्याचा प्रयोग आमच्या शाळेत अजून होतो. मोठ्या चंचुपात्रात पाणवनस्पतीची काडी, शेजारी दिवा. म्हणून मी ठरवलं, बोलायचं नाही, दाखवायचं. हिवाळ्यात इथे साडेबाराची जेवणाची सुट्टी होते तेव्हा गावी संध्याकाळचे सहा वाजलेले असतात. मी तयारीच्या खोलीत काचपात्र मांडलं, दिवा लावला आणि व्हिडिओ कॉल केला.

"काय गं ते भांड्यात? शेवाळ का?" आई म्हणाली. तिच्या मागे, खोलीतच, कुंडीपुढे दिवा लावलेला दिसत होता.

"पाण्यातलं झाड आहे. कापलेल्या देठाकडे बघ. बुडबुडे येतायत ना? तो प्राणवायू. मोज."

ती मोजायला लागली. मध्ये मध्ये श्वासासाठी थांबत. मिनिटभरात बावीस झाले. तेवीस म्हणताना तिला धाप लागली, आणि ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं मांडलं होतं ती माझ्या कानात ऐकू येत होती. मग मी दिवा बंद केला आणि खिडकीचा पडदा ओढला. फोनचा उजेड पडू नये म्हणून जरा दूर उभी राहिले. बुडबुडे विरळ झाले. मग एक, बऱ्याच वेळानं आणखी एक. मग थांबले.

"ही कुठं तुळस आहे?" आई म्हणाली.

"नाही. पण पान ते पान, आई."

ती गप्प झाली. मला वाटलं, आता "बरं" येणार. पण ती मागे वळून कुंडीकडे बघत होती. मग म्हणाली, "म्हणजे दिवेलागणीनंतर ती निजतेच की. म्हणून तर तिन्हीसांजेनंतर तुळस खुडू देत नव्हते तुला. किती वेळा ओरडलेय."

मला खरंच आठवलं. खोकल्याच्या काढ्याला पानं हवी असली तरी ती रात्री तोडू द्यायची नाही. निजलेल्या झाडाला हात लावू नये.

"मग निजलेल्या बाईकडून रात्रभर काम कोण करून घेईल?" आई स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली.

मी इथे जिंकले असं तुम्हाला वाटेल. मलाही क्षणभर वाटलं. पण मग तिनं जे सांगितलं ते ऐकून मी त्या अंधाऱ्या खोलीत खाली बसले.

"मला ते झाडाचं खरं वाटत होतं असं नाही गं. त्या मशीनचा आवाज. तुझ्या बाबांच्या फोनवर असाच आवाज यायचा."

बाबा २०२१ च्या मे महिन्यात गेले. तेव्हाचे दिवस तुम्हाला सांगायला नकोत. आई, दादा कुणालाच आत सोडत नव्हते. भारत ब्रिटनच्या लाल यादीत होता, आणि मी इथे. आम्ही सगळ्यांनी बाबांना शेवटचं पाहिलं ते फोनवर, मास्क लावलेले, आणि मागे एक घुरघुर. मी ते दृश्य विसरायचा प्रयत्न करत राहिले. आईला आवाज लक्षात राहिला. रात्री घर शांत झालं की तिच्या उशाशी तोच सुरू व्हायचा. त्यापेक्षा तुळस बरी. ती आवाज करत नाही.

चार दिवस मी तिच्याशी ऑक्सिजनचा हिशोब करत होते, आणि तिचा प्रश्न ऑक्सिजनचा नव्हताच.

त्यानंतरचे उपाय अगदी साधे निघाले. दादानं डॉक्टरांना विचारून लांब नळी आणली. मशीन आता मधल्या खोलीत असतं, दार लोटलेलं. आईपर्यंत आवाज फारसा पोचत नाही. तुळस परत अंगणात गेली, उन्हात, जिथे ती खरंच काही कमावते. खोलीत पिवळी पडली होती, महिन्याभरात हिरवी झाली. दिवाही तिच्यापुढे अंगणात. संध्याकाळी आई नळी काढून ठेवते, काठी घेऊन बाहेर जाते, वात लावते, दोन मिनिटं उभी राहते आणि परत येऊन नळी लावते. तेवढ्याला डॉक्टरांची हरकत नाही. पहाटेचा आकडा आता ८९, ९० असतो. गेलेले पडदे परत येणार नाहीत, हे तिला माहीत आहे, आणि मलाही.

तुम्हालाही तो मेसेज येईल. पाठवणारं माणूस बहुधा वाईट नसतं. आपल्या माणसाला श्वास मिळावा एवढीच त्याची इच्छा असते. माहिती चूक आहे हे जरूर सांगा, ते सांगायलाच हवं. नळीजवळ दिवा-उदबत्ती नको, हेही लगेच सांगा. पण त्याआधी की नंतर, एकदा एवढं विचारा: तुला मशीन का नको वाटतं? मी ते विचारायला चार रात्री उशीर केला. ८१ आकडा बघितल्यावर चार रात्री ही फार मोठी मुदत असते.

आणि हिवाळ्यातली तुळस हवी असेल तर रेडिएटरपासून लांब, घरातल्या सगळ्यात उजेडाच्या खिडकीत ठेवा, आणि वरची माती कोरडी झाल्याशिवाय पाणी घालू नका. माझी या वर्षी जगली आहे. अकरा पानं आहेत, मोजलीत.

आता मी दुपारच्या सुट्टीत रोज फोन करते. गावी दिवेलागण झालेली असते. आई अंगणातून येऊन नळी लावते, जरा दम घेते आणि विचारते, "आमची निजली. तुझी?"

"अजून नाही," मी सांगते. "इथं थोडं ऊन आहे."